मंगलच्या नावाचा अंगठा

"मंगल मेली, आन् तिसऱ्या दिवशी मी मंगल हुऊन कामाला गेलतो."

सोनाबाई हे आयुष्यात पहिल्यांदाच बोलली. मांडीवर सूप होतं, सुपात भिजवून पिळलेली विडीची पानं होती, हातात कातर होती, आणि बोलताना कातर थांबली नाही. समोर नात प्रियदर्शनी बसली होती. तिच्या हातात सरकारी शिक्क्याचे कागद होते. ते वाचून दाखवता दाखवता ती एका नावाशी थांबली होती आणि तिनं विचारलं होतं, "आज्जी, ही मंगल कोण?"

पन्नास वर्षं कुणी न विचारलेल्या प्रश्नाचं उत्तर शोधावं लागत नाही. ते जिभेखाली तंबाखूसारखं धरलेलं असतं.

कागद कसले होते, ते आधी सांगायला हवं.

कुरणवाडी हे कर्नाटकाच्या हद्दीत, निपाणीच्या अलीकडे हायवे सोडून आत वळलं की लागणारं गाव. गावात सरकारी दवाखाना आहे, आणि दवाखान्याच्या आवारात, बरोबर फाटकासमोर, तंबाखूच्या वखारवाल्या मारुतीरावांचा अर्धपुतळा आहे. फेटा, भरघोस मिशा, गळ्यापर्यंत बंद कोट. कोटाचं वरचं बटण तेवढं उजळलेलं, कारण दर पुण्यतिथीला बायका पुतळा धुतात आणि धुणाऱ्या हाताला आधी ते बटण लागतं. खाली संगमरवरी पाटी, मराठीत कोरलेली: ‘कामगारांचे मायबाप कै. मारुतीराव यांचा हा पुतळा कामगार भगिनींच्या मागणीवरून येथे बसविला.’

आता दवाखाना मोठा होणार होता. कौलं जाणार, दोन मजली इमारत येणार, आणि नव्या नकाशात पुतळा नेमका अँब्युलन्सच्या वाटेत येत होता. तो नव्या इमारतीच्या दर्शनी भागात सन्मानानं पुन्हा बसवावा, की मारुतीरावांच्या वारसांच्या हवाली करावा, याबद्दल कुणाची हरकत असेल तर महिन्याच्या आत कळवावी, असा कागद पंचायतीच्या भिंतीवर लागला. सरकारी जागेत हा पुतळा मुळात कुणाच्या सांगण्यावरून बसला, हेही त्या निमित्तानं तपासायचं होतं.

प्रियदर्शनी बेळगावात एका शाळेच्या ऑफिसात कामाला आहे. एका कागदाच्या मागे दुसरा कागद कसा काढायचा हे तिला ठाऊक. तिनं अर्ज टाकून जुन्या फायलीची नक्कल मागवली, तीही आज्जीसाठी नव्हे. गावात एवढी चर्चा चालली आहे तर बघावं म्हणून. फायलीत एक मागणीपत्र निघालं. ‘आम्ही खाली अंगठा देणाऱ्या वखारीतील कामगार बाया…’ अशी सुरुवात, आणि खाली एकशेबारा अंगठे. एकेचाळिसावा अंगठा ‘मंगल सुबराव’ या नावापुढे होता. सुबराव हे आज्जीच्या वडलांचं नाव, म्हणून प्रियदर्शनी थांबली होती.

"मग हा अंगठा कुणाचा?" तिनं विचारलं.

"माझाच की," सोनाबाई म्हणाली, आणि कातर प्रथमच खाली ठेवली. "काय मागितलंय त्येच्यात?"

प्रियदर्शनीनं वाचलं. मारुतीराव आम्हां गरीब बायांना लेकीसारखं वागवीत, त्यांच्या पश्चात त्यांचं तोंड रोज दिसावं म्हणून दवाखान्याच्या आवारात त्यांचा पुतळा बसवावा.

"आन् त्येच्याखाली मंगलचं नाव हाय?"

"हाय."

सोनाबाईनं सूप उचलून भिंतीला लावलं. दिवसा, हजार विड्या पुऱ्या व्हायच्या आधी, तिनं सूप भिंतीला लावलेलं घरात कुणी पाहिलं नव्हतं.

*

वखारीच्या जागी आता टाइल्सचं दुकान आहे. त्या वेळी ती लांबलचक, पत्र्याची, आगगाडीच्या डब्यासारखी होती. खिडक्या पार वर, हातभर रुंद, आणि त्याही बंद. कारण वारा आला की भुकटी उडते आणि उडालेली भुकटी मालकाची असते. आत शंभर-सव्वाशे बायका तोंडाला फडकं बांधून तंबाखू कुटायच्या, चाळायच्या. दाराला बाहेरून कुलूप. संध्याकाळी सुटताना आधी झडती व्हायची, केस आणि पदर चाचपून, आणि मग मुकादम पुस्तक पुढे करायचा. त्यात अंगठा दिला की एकेका बाईला दारातून बाहेर सोडायचा. बायका त्याला सुटीचा अंगठा म्हणायच्या. पानावर काय लिहिलंय हे कुणी बघायचं नाही. बघून वाचता येणारी एकही नव्हती, आणि दाराबाहेर उजेड दिसत असताना कागदाकडे कोण बघतं.

मंगल सोनाबाईहून तीन वर्षांनी मोठी, चाळणीवर होती. तिला शिट्टी वाजवता यायची. बोळाच्या कोपऱ्यावर आली की ती शिट्टी घालायची, आणि घरात सोनाबाई तिच्या अंघोळीचं पाणी चुलीवर ठेवायची. बापाला ते आवडायचं नाही. पण अंगावरची भुकटी धुतल्याशिवाय मंगलला घरात घेता यायचं नाही, सगळ्यांना शिंका यायच्या; म्हणून शिट्टी चालवून घेतली जायची.

एका दुपारी मंगल चाळणीवरच वाकडी झाली. दम लागणं रोजचं होतं, पण हे वेगळं होतं. बायकांनी दार बडवलं. पत्र्याचं दार बडवल्यावर आवाज मोठा होतो, पण वखारीतून मोठा आवाज येणं गावाला सवयीचं होतं. मुकादम किल्ली कमरेला लावून जेवायला गेला होता. तो जेवून परत आला तेव्हा मंगलच्या ओठांवर भुकटीचा पातळ थर बसला होता आणि तो हलत नव्हता.

पोलिसात कुणी गेलं नाही. ती दम्यानं गेली असं ठरलं. कुणी ठरवलं ते माहीत नाही, ते संध्याकाळपर्यंत ठरलेलंच होतं. वेदगंगेच्या काठी तिला जाळलं. मेलेल्या माणसाची कचेरीत नोंद करायची असते हे सुबरावाला माहीत नव्हतं. माहीत असतं तरी तो गेला नसता. पोरगी गेली हे आपण होऊन दुसऱ्याला जाऊन सांगायचं, ही गोष्ट त्याच्या अंगात नव्हती.

तिसऱ्या दिवशी सकाळी मुकादम दारात उभा राहिला. तो आत आला नाही, चप्पल काढली नाही. पुस्तकात नवं नाव चढत नाही, बाहेर चाळीस बाया रांगेत आहेत, असं तो भिंतीकडे बघून म्हणाला. "मंगलचं नाव अजून कापल्यालं न्हाय. धाकटीला धाडा. त्याच नावावर."

वखारीत हे काही नवीन नव्हतं. आईच्या नावावर मुलगी यायची, जावेच्या नावावर जाऊ. नाव म्हणजे खुंटीवरचं फडकं. जिच्या हाताला लागेल तिनं बांधायचं. आईनं मंगलचंच फडकं धुऊन सोनाबाईच्या हातात दिलं. दोनदा धुऊनही त्याला वास होता.

मुकादमानं हजेरी घेतली. "मंगल सुबराव."

सगळ्या बायकांनी खाली बघितलं. सोनाबाई म्हणाली, "हाय."

अकरा वर्षं ती हाय म्हणाली. मग वखारीत यंत्रं आली, बायकांचं काम गेलं, आणि ती घरी बसून विड्या वळायला लागली, स्वतःच्या नावावर. विडीच्या पानानं आणि दोऱ्यानं बोटं गुळगुळीत होतात. आता रेशनच्या दुकानात मशीन तिचा अंगठा घेत नाही, म्हणून लेक माधवी जाते. सोनाबाईला त्याचं कधी वाईट वाटलं नाही. अंगठा हा तिच्या लेखी तसाही दुसऱ्याच्याच कामाचा होता.

मारुतीराव वारल्यावर वर्षभरात एका संध्याकाळी झडतीनंतर पुस्तकाऐवजी एक लांब कागद पुढे आला होता. कुणीतरी विचारलं होतं, ह्ये काय म्हणून. "सुटीचं हाय, द्या गं बिगीबिगी," मुकादम म्हणाला होता. सोनाबाईला ती संध्याकाळ नीट आठवते, कारण त्या दिवशी दार लवकर उघडलं होतं.

मग दवाखान्यात पुतळा आला. पुण्यतिथीला वखारीतल्या बायकांनी तो धुवायचा अशी रीत पडली. बादल्या, नारळाची शेंडी, शेवटी तांब्याभर दूध. धुऊन झालं की मारुतीरावांच्या घरचं कुणीतरी यादी वाचायचं, नाव घेतलेल्या बाईनं पुढे होऊन अर्धा नारळ घ्यायचा. वखार बंद झाली तरी ही रीत चालू राहिली. बायका कमी होत गेल्या. सोनाबाई एकाही वर्षी चुकली नाही. गावाला वाटायचं, म्हातारीची निष्ठा. खरं कारण तिनं कुणाला सांगितलं नाही. घरात मंगलचं नाव काढलं की आई भांडी आपटायची, म्हणून ते बंद झालं होतं. आईबाप गेल्यावर घरात ते माहीत असलेलंही कुणी उरलं नाही. वर्षातून एकदा, दवाखान्याच्या आवारात, ते नाव मोठ्यानं घेतलं जायचं. तेवढं ऐकायला ती जायची.

*

"पुतळा फोडा म्हणत न्हाय मी," ती प्रियदर्शनीला म्हणाली. "ठेवा म्हणावं कुठंबी. पर मंगलनं मागितला ह्ये खोडा. तिचा अंगठा मला परत पायजे."

"अंगठा परत घेता येतो का, मला माहीत नाही आज्जी. पण हरकत घेता येते."

"मग घे."

अर्ज लिहायला प्रियदर्शनीला रविवार लागला. साक्षीला कुणीतरी हवं होतं. वखारीतल्या बायकांपैकी चालती-बोलती एकच उरली होती, गुणाबाई. ती मुलाकडे लोंढ्याला असते. तिला फोन लावला. गुणाबाईनं आधी कोण कोण मेलं ते विचारून घेतलं.

"गुणाक्का, दार तूच बडवत हुतीस," सोनाबाई म्हणाली. "हात फुटल्याला तुझा."

"कवाचं काढतीस गं," पलीकडून आवाज आला. "मला काल काय खाल्लं ते आठवत न्हाय. माझा नातू मारुतीरावाच्या नातवाच्या साइटवर हाय, सुपरवायझर. बरा पोरगा हाय." मग, "शिट्टी घालायची न्हवं ती? ही तीच ना?"

"व्हय."

"मग ऱ्हाऊ दे आता," गुणाबाई म्हणाली, आणि फोन मुलाच्या हातात गेला.

अर्ज गेल्याचं गावात दुसऱ्याच दिवशी कळलं. संध्याकाळी भरमा आला. भरमा सोनाबाईच्या गल्लीतला, पन्नाशी उलटलेला, दर एक नोव्हेंबरला, सीमाभाग महाराष्ट्रात जावा म्हणून, दंडाला काळी फीत बांधून बेळगावच्या फेरीत जाणारा. तरुणपणी मराठी शाळेसाठी त्यानं लाठ्या खाल्लेल्या. डावा खांदा अजून वर जात नाही. तो येऊन उंबऱ्यावरच बसला.

"आक्का, अर्ज मागं घे."

"का रं?"

"तुझं म्हणणं खोटं म्हणत न्हाय मी. माझी आई बी वखारीतच खोकून गेली. मला शिकवू नगंस मारुतीराव कसा हुता ते." त्यानं खांदा चोळला. "पर गावात मराठी अक्षर कुठं ऱ्हायलंय सांग. शाळेची पाटी गेली, बसवरची गेली, सोसायटीची गेली. सरकारी जागेत दगडात खोदल्यालं येवढं एकच हाय. तू हरकत घेतलीस तर पुतळा हलंल, पाटी हलंल. परत बसंल ती कानडीत. न्हायतर बसायचीच न्हाय."

"त्यो दगड खोटं बोलतोय, भरमा."

"बोलू दे की. मराठीत बोलतोय न्हवं?"

बोलून झाल्यावर त्याचं त्यालाच हसू आलं. सोनाबाईलाही आलं. दोघं थोडा वेळ हसली, जसं मयताच्या घरात कधीकधी कुणीतरी हसतं. मग भरमानं चहा घेतला, कप स्वतः विसळून ठेवला, आणि जाताना म्हणाला, "मी काय तुझ्या आड येत न्हाय. पर तुझ्या बाजूनं बी बोलू शकत न्हाय. ह्ये तुला आधी सांगावं म्हणून आलतो."

*

सुनावणी दवाखान्याच्याच पडवीत ठेवली होती. पेशंटची बाकडी ओळीनं लावलेली, समोर टेबल, टेबलाशी बेळगावहून आलेल्या अधिकारी मॅडम आणि एक क्लार्क. तिथून आवारातल्या पुतळ्याची पाठ दिसत होती. पुतळ्याला पाठीकडून सोनाबाईनं फार वेळा पाहिलं नव्हतं. कोट मागे कोरलेलाच नव्हता, नुसतं खडबडीत सिमेंट होतं.

पहिला तासभर पाटीवरच गेला. गावातली कानडी पोरं आली होती; त्यांच्यातली दोघं भरमाच्याच शेजारची. सरकारी आवारातली पाटी कानडीतच पाहिजे, असं त्यांचं म्हणणं. भरमा आणि त्याची माणसं उठली. दगडावर आहे ते तसंच राहील, एक काना हलला तरी गाव बंद ठेवू. आवाज चढले, एक बाकडं पडलं, सलाइन लावलेला एक पेशंट आतून बघायला आला आणि नर्सनं त्याला आत नेलं. सोनाबाई शेवटच्या बाकावर बसून ऐकत होती. कानडी तिला चांगलं कळतं. दोन्ही बाजूंचं सगळं कळत होतं. पुतळा नको असं दोन्हीकडून कुणीही म्हणत नव्हतं.

मॅडम शांत बाई होत्या. दोन्ही बाजूंचं लिहून घेतलं, आणि मग म्हणाल्या, "हरकतीचा एकच अर्ज आहे. सोनाबाई कोण?"

ती उठून पुढे गेली. प्रियदर्शनी बरोबर होती.

"कूड्री अज्जी," मॅडमनी खुर्ची दाखवली. सोनाबाई बसली नाही. मालकाच्या माणसासमोर ती कधी बसली नव्हती, आणि टेबलाच्या बाजूला मारुतीरावांचा नातू विक्रम होता. चाळिशीचा, स्वच्छ शर्टाचा, नम्र. तो तिला बघून उठला आणि वाकून पाया पडला.

"मंगलआज्जी," तो म्हणाला. "अहो, तुम्ही होय? मला सांगायचं तरी."

मॅडमनी अर्जाकडे बघितलं, मग त्याच्याकडे. "ह्या मंगल?"

"लहानपणापासून बघतोय मॅडम. पुण्यतिथीला यादी मीच वाचायचो. मंगल सुबराव म्हटलं की ह्याच पुढं यायच्या. एक वर्ष चुकलं नाही यांचं."

"मी सोनाबाई," सोनाबाई म्हणाली. "मंगल माझी थोरली भण. ती वखारीत मेली. दार बंद हुतं. मी तिच्या नावावर कामाला लागलो. त्या कागदावरचा अंगठा माझा हाय, तिचा न्हाय. आन् माझा बी सुटीचा हाय, मागणीचा न्हाय." एवढं सगळं सलग तिनं घरी दहा वेळा म्हणून बघितलं होतं. ते संपल्यावर तिच्याकडे आणखी काही उरलं नाही.

भरमा जमिनीकडे बघत होता.

विक्रमचा चेहरा पडला. तो त्यानं मुद्दाम पाडला होता असं म्हणता येणार नाही. त्याला ते खरंच माहीत नसावं. त्यानं सोबतच्या पिशवीतून एक लांबट, कापडी पाठीचं पुस्तक काढलं. "आजोबांची हजेरीपुस्तकं आम्ही जपून ठेवलीत," तो म्हणाला. "मागणीपत्रातली नावं खरी आहेत, हे दाखवायला आणली होती." त्यानं पान काढून टेबलावर ठेवलं.

मॅडमनी बोट ठेवून ओळ वाचली. क्लार्कनं मोठ्यानं सांगितलं. मंगल सुबराव. अर्जातल्या त्या दिवशी अर्धा खाडा. पुढचा एक दिवस खाडा. तिसऱ्या दिवसापासून हजर. त्यानंतर हजर, हजर, हजर, अकरा वर्षं.

सोनाबाईला वाचता येत नव्हतं, पण ती ओळ दिसत होती. एकसारख्या खुणांची, न तुटलेली, पानामागून पान. मंगल मेल्याची त्यात एक दीड दिवसाची फट होती, आणि ती फट सोनाबाईनंच बुजवलेली होती. रोज सकाळी एकेक ‘हाय’ म्हणून.

"मृत्यूचा दाखला?" मॅडमनी विचारलं.

"नोंदच झाली नाही तेव्हा," प्रियदर्शनी म्हणाली. "सगळीकडे शोधलं."

"कुणी साक्षीदार?"

प्रियदर्शनीनं आज्जीकडे बघितलं. सोनाबाईनं नकारार्थी मान हलवली.

मॅडमनी चष्मा काढला. "अज्जी, मला सांगा, मी काय लिहू. तुम्ही सोनाबाई असाल, तर मंगलचा अंगठा तुम्हाला मागं घेता येत नाही. तो दुसऱ्या बाईचा. तुम्ही मंगल असाल, तर मंगल वारली हे कसं लिहू? तुम्ही तर समोर उभ्या." त्यात टोमणा नव्हता. त्या खरंच वाट शोधत होत्या. थोड्या वेळानं म्हणाल्या, "एक करता येईल. तुमचा आत्ताचा अंगठा घेऊ. जुन्या कागदाशी जुळतो का, तज्ज्ञाकडं पाठवू. जुळला, तर तुमचं म्हणणं मला फायलीत घेता येईल."

प्रियदर्शनीचा चेहरा उजळला. क्लार्कनं शाईचा पॅड उघडला.

सोनाबाईनं अंगठा दाबला आणि कोऱ्या कागदावर ठेवला. निळा, गोल, सपाट ठिपका उमटला. क्लार्कनं दुसऱ्यांदा घेतला, आपल्या हातानं अंगठा धरून, हळू फिरवून. तिसऱ्यांदा रुमालानं पुसून घेतला. तीन ठिपके झाले, तिन्ही पैशासारखे गुळगुळीत. त्यानं जुन्या मागणीपत्राची नक्कल शेजारी ठेवली. तिथं एकेचाळिसाव्या जागी पंचविशीच्या आतल्या बाईचा अंगठा होता, एकेक रेष जिवंत, मध्ये भोवरा.

"रेषाच नाहीत मॅडम," क्लार्क म्हणाला. "काय पाठवायचं?"

मॅडमनी तीन ठिपक्यांचा कागद अर्जाला टाचून घेतला, कारण घेतलेला कागद फेकता येत नाही.

मग विक्रम उठला. बोलताना त्याचा आवाज खरोखर जड झाला होता. "मॅडम, मला एक सुचवायचंय. आज्जींचं दुःख मला कळतंय. माझ्या आजोबांच्या पुतळ्यावर फक्त आजोबांचं नाव आहे, हे बरोबर नाही. नव्या चौथऱ्यावर त्या एकशेबारा भगिनींची नावं कोरू. मंगलचंही. खर्च आमचा. मराठीत आणि कानडीत, दोन्हीत." तो सोनाबाईकडे वळला. "म्हणजे त्यांचं नाव कायमचं राहील, आज्जी."

दोन्हीत, हा शब्द पडवीभर फिरला. कानडी पोरांनी एकमेकांकडे बघितलं. भरमाच्या माणसांनी भरमाकडे बघितलं. एकशेबारा मराठी नावं, दगडात, सरकारी आवारात. भरमानं एकदा सोनाबाईकडे बघितलं, आणि मग हात वर केला, उजवा, जो वर जातो तो. कानडी पोरांतल्या मोठ्यानंही केला. कुणीतरी टाळी वाजवली आणि मग सगळ्यांनीच वाजवली. सकाळपासून पहिल्यांदा गाव एका बाजूला झालं होतं.

"आज्जी," प्रियदर्शनी खालच्या आवाजात म्हणाली. "बोल ना काहीतरी. नको म्हण."

मॅडमही थांबल्या होत्या, पेन हातात धरून. सोनाबाईनं तोंड उघडलं. नको म्हणायचं तर मंगलचं नाव नको म्हणायचं. पन्नास वर्षांत पहिल्यांदा कुणीतरी ते लिहायला निघालं होतं. हो म्हणायचं तर पुतळा मंगलनंच मागितला म्हणायचं, आणि ते तर कागदावर होतंच. तिनं तोंड मिटलं. पदरानं ओठ पुसले, जणू त्यांवर काही बसलं होतं.

मॅडमनी तसंच लिहिलं, शिक्का मारला, पाण्याची बाटली उचलली. लोक उठले. बाकडी परत भिंतीला लागू लागली, कारण दुपारचे पेशंट यायचे होते. विक्रम फोनवर कुणाला तरी चौथऱ्याची मापं सांगत होता.

क्लार्कनं हजेरीचं रजिस्टर पुढे सरकवलं. "आज्जी, हजर होता म्हणून इथं अंगठा द्या. मग जावा."

"आत्ताच तर चालला नाही ना अंगठा?" प्रियदर्शनी म्हणाली.

"जुळवायला नाही चालत हो. हजेरीला चालतो."

सोनाबाईचा हात पुढे गेला. तो गेल्यावर तिला कळलं की गेला. अंगठा पॅडवर टेकला, मग रजिस्टरवर, सवयीनं, दाबून, क्षणभर थांबून, वखारीत द्यायची तसा. निळा ठिपका उमटला. क्लार्कनं त्याच्या शेजारच्या रकान्यावर पेन टेकवलं आणि वर बघितलं.

"नाव काय लिहू?"

सोनाबाईनं अंगठा पदराला पुसला. पडवीचं दार उघडंच होतं. रकाना तसाच कोरा सोडून ती बाहेर निघून गेली.